घटस्फोटाचं नंतर बघू, आधी छप्पर आणि खर्ची

एका संध्याकाळी माझ्या मावसबहिणीची किल्ली तिच्याच घराच्या लॅचला लागेना. आधी तिला वाटलं, लॅच बिघडलं. मग दिसलं की त्याचं पितळी तोंड नवंकोरं आहे आणि उंबऱ्यावर लाकडाचा भुसा पडलाय. हातात भाजीची पिशवी, शेजारी दुसरीतली लेक, तिच्या पाठीवर दप्तर. नवऱ्याचा फोन बंद. व्हॉट्सॲपवर एक ओळ: "आता आपलं जमणार नाही, तू माहेरी जा." समोरच्या काकूंनी दोघींना आत घेतलं, पोरीला वरणभात वाढला. रात्री अकराला मला फोन आला. पहिला प्रश्न होता, "ताई, घटस्फोट किती दिवसांत मिळतो गं?"

नंतर ओळखीच्या आणखी चार-पाच जणींबरोबर कोर्टाच्या फेऱ्या मारल्या. सगळ्यांनी सुरुवात याच प्रश्नाने केली. खरं तर त्या रात्रीचा तो प्रश्नच नसतो. त्या रात्रीचे प्रश्न दोन: उद्या झोपायचं कुठं, आणि महिना काढायचा कशावर? या दोन्हींची उत्तरं कायद्यात आहेत आणि त्यातल्या एकासाठीही घटस्फोट लागत नाही. राहण्याचा हक्क, पोटगी, स्वतःचे दागिने परत मिळवणं, हे सगळं लग्न कागदावर जसंच्या तसं असताना मागता येतं. उलट घाईघाईत "सोडून टाक एकदाचं" म्हणत सह्या करणाऱ्या बायकांचंच जास्त नुकसान झालेलं मी पाहिलंय.

मी वकील नाही. पण वकिलाकडे जाण्याआधी जेवढं डोक्यात असावं, तेवढं सांगते.

घर कुणाचं आणि राहायचं कुणी

"फ्लॅट माझ्या नावावर आहे, चालती हो." हे वाक्य इतकं ठासून म्हटलं जातं की बायकोलाही ते खरं वाटतं. ते अर्धंच खरं आहे. आपल्याकडे (गोवा सोडून, त्याबद्दल पुढे) लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोची मालकी येत नाही. फ्लॅट त्याच्या नावावर असेल तर मालक तोच. पण मालकी वेगळी आणि राहण्याचा हक्क वेगळा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नुसार, ज्या घरात ती नवऱ्यासोबत नांदली, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. सातबाऱ्यावर, इंडेक्स टूवर (घराच्या खरेदीच्या नोंदीचा उतारा) किंवा सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव असो वा नसो. कायद्याची वाट सोडून तिला तिथून काढता येत नाही. कुलूप बदलणं ही कायद्याची वाट नव्हे.

"पण मला त्यानं कधी मारलं नाही," असं बहीण म्हणाली. म्हणजे हा कायदा आपल्याला लागू नाही, असा तिचा समज. या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, राहत्या घरात येऊ न देणं, या सगळ्याला तो आर्थिक छळ म्हणतो. बदललेलं लॅच हा पुरावाच असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, तो मेसेजही जपून ठेवा.

घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर? बरीच वर्षं इथेच गाडी अडायची. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की सासू-सासऱ्यांच्या स्वतःच्या घरावर सुनेला असा हक्क सांगता येणार नाही. १५ ऑक्टोबर २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते मत फिरवलं. घर सासऱ्यांचं असलं तरी जोडपं तिथे कायमचं म्हणून राहत असेल तर सुनेचा हक्क धरला जाईल. गणपतीला चार दिवस जाऊन राहिलो, ते घर यात येत नाही. आणि हा हक्क म्हणजे काळ्या दगडावरची रेघही नाही. म्हातारी माणसंही शांतपणे जगायला हक्कदार आहेत, त्यामुळे सुनेची दुसरीकडे सोय करून द्या असाही आदेश होऊ शकतो. मात्र ज्येष्ठ नागरिकांसाठीचा कायदा पुढे करून सुनेचा हक्क परस्पर पुसून टाकता येत नाही. तेही सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात सांगितलं.

आता कोर्ट काय काय देऊ शकतं ते बघा. तिला घराबाहेर काढू नका. घर विकू नका, गहाण टाकू नका. भाड्याचं घर असेल तर त्यावरचा हक्क परस्पर सोडू नका (मालकाला गुपचूप नोटीस देऊन घर खाली करणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी हे). फार त्रास असेल तर नवऱ्यानंच बाहेर राहावं, असाही आदेश होतो. सासू-नणंदेला मात्र असं बाहेर काढता येत नाही, कायद्यानंच तसं म्हटलंय. आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा आदेश म्हणजे, तिला राहत होती त्याच तोडीचं दुसरं घर द्या, नाहीतर त्याचं भाडं भरा. ज्या घरात तोंडही बघवत नाही तिथे केवळ हक्क म्हणून राहणं प्रत्येकीला झेपत नाही. बहिणीनं भाडंच मागितलं.

पहिले काही दिवस

जिवाला धोका असेल तर ११२. धोका नसला तरी कुठं जायचं कळत नसेल तर महिलांसाठी १८१. 'सखी' वन स्टॉप सेंटर २०१५ पासून सुरू झाली आहेत. तिथे पाच दिवसांपर्यंत मुलांसह तात्पुरता निवारा मिळतो, शिवाय समुपदेशक, वैद्यकीय मदत आणि वकिलाचा सल्ला एकाच छताखाली. त्यानंतरही सोय नसेल तर सरकारची शक्ती सदनं आहेत (पूर्वीची स्वाधार गृहं) आणि नोकरी असेल तर सखी निवास, म्हणजे नोकरदार महिलांची वसतिगृहं. मुलगा मोठा असेल तर तो बरोबर राहू शकेल का, हे आधी विचारून घ्या, नाहीतर ऐनवेळी पंचाईत होते.

पोलीस ठाण्यात जाताना एकटीनं जाऊ नये, एवढंच सांगेन. "घरगुती मामला आहे, मिटवून घ्या" हे ऐकायची तयारी ठेवा आणि तरीही लेखी तक्रार देऊन पोच घ्या. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर तो सुरू केला. तिथले समाजकार्यकर्ते पोलीस नसतात, त्यामुळे बोलणं सोपं जातं. पुण्या-नागपुरात पोलिसांचा भरोसा सेल आहे.

पण खरी किल्ली आहे संरक्षण अधिकाऱ्याच्या हातात. हा महिला व बालविकास विभागाचा माणूस. तो तुमचं म्हणणं ऐकून कौटुंबिक घटना अहवाल भरतो, तो दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात जातो, आणि यासाठी एक पैसाही लागत नाही. अर्ज सासरच्याच गावी करायला हवा असं नाही. तुम्ही सध्या जिथे आसरा घेतलाय, मग ते माहेर असो की मैत्रिणीचं घर, तिथल्या कोर्टातही चालतो.

वकिलाचे पैसे? महिलेला सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, फोन १५१००. शिवाय महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट आणि मालमत्तेच्या दाव्यांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. हे माहीत नसल्यामुळे मंगळसूत्र गहाण टाकून फी भरलेली बाई मी पाहिली आहे.

याच दिवसांत घरात "बैठक" बसते. दोन्हीकडचे मामा, एखादे गावचे प्रतिष्ठित, चहा-पोहे. शेवटी एक कागद पुढे येतो: "मी स्वखुशीने घर सोडून माहेरी जात आहे, माझी काही तक्रार नाही." सही करू नका. तसंच पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून लिहिलेली सोडचिठ्ठी. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी. एरवी नोटरीच्या शिक्क्यानं लग्न मोडत नाही. तुमच्याविरुद्ध दाखवायला एक कागद मात्र तयार होतो.

पोटगी: किती, कुठून, कधी

पोटगीचे रस्ते तीन-चार आहेत आणि त्यामुळेच गोंधळ होतो. हिंसाचार कायद्यात घरासोबतच महिन्याची रक्कम मागता येते. पूर्वी ज्याला "एकशेपंचवीस" म्हणायचे तो अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो; १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, हक्क तोच. तो सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. मुस्लिम महिलांनाही तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. आणि हिंदू विवाह कायद्याचा खटला चालू असेल तर त्यात कलम २४ खाली अंतरिम खर्च मागता येतो, तोही नवरा-बायको दोघांपैकी कमाई नसलेल्या कुणालाही. नोकरी गेलेल्या नवऱ्यानं कमावत्या बायकोकडे मागितल्याची प्रकरणंही होतात. दोन ठिकाणी अर्ज केला म्हणून दुप्पट पैसे मिळत नाहीत. एका कोर्टानं ठरवलेली रक्कम दुसऱ्या कोर्टाला सांगावीच लागते, ती तिथे वळती होते.

रक्कम कशी ठरते? ठरलेलं कोष्टक नाही. "पगाराच्या पंचवीस टक्के" असं कट्ट्यावर सांगतात. एका निकालात तेवढी रक्कम योग्य म्हटली होती, ती सगळ्यांना लागू होणारी पट्टी नव्हे. याबाबतचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या नागपूरच्या एका जोडप्याच्या प्रकरणातून आला. २०१३ साली केलेल्या अर्जावर कौटुंबिक न्यायालयाचा अंतरिम आदेश यायलाच दोन वर्षं लागली. पत्नीला महिना १५,००० रुपये आणि मुलाचे वेगळे. मग थकबाकीवरून प्रकरण वर वर जात राहिलं. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं या प्रकरणात देशभरासाठी नियम घालून दिले. एक म्हणजे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, निकालाच्या नाही. म्हणून माझं पालुपद: अर्ज आजच टाका, भांडण मिटायची वाट बघत सहा महिने माहेरी बसलात तर ते सहा महिने गेले. दुसरं म्हणजे दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे.

हे प्रतिज्ञापत्र भरायला आम्ही कोर्टासमोरच्या टपरीवर बसलो होतो. महिन्याच्या खर्चाच्या रकान्यात बहिणीनं आधी लिहिलं, "अंदाजे ८,०००." मी म्हटलं, मोज. दूध रोज एक लिटर. रिक्षावाले काका. शाळेची फी महिन्याला भागून. गॅस. लाईटबिल. मोबाईलचे रिचार्ज. लेकीच्या दम्याचा पंप. सॅनिटरी पॅड. दिवाळीचे कपडे बारानं भागून. तिचा हात प्रत्येक ओळीला अडखळत होता, जणू स्वतःच्या पोटाचा हिशेब मांडणं हाच काहीतरी हावरटपणा. वर भाडं धरल्यावर बेरीज आली २३,४००. "एवढं कोण देणार?" ती म्हणाली. कोणी देईल न देईल, पण आठ हजार लिहिल्यावर तेवीस कोणी देत नाही.

त्याच्या उत्पन्नाचं मात्र उलटं. खटला सुरू झाला की धंदा अचानक तोट्यात जातो, पगार "बंद" होतो. त्यासाठी घरात असेपर्यंत जे हाती लागेल त्याचे फोटो घ्या: पगाराची स्लिप, आयकराचे कागद, कर्जाचे अर्ज (कर्ज घेताना माणूस उत्पन्न लपवत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं), गाडीचं आरसी, शेताचा सातबारा. तुम्ही शिकलेल्या आहात, कमवू शकता, म्हणून पोटगी नको, हा युक्तिवाद हमखास येतो. कमवायची कुवत असणं आणि खरोखर कमावत असणं यात फरक आहे, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. थोडी कमाई असली तरी हक्क बुडत नाही, रक्कम कमी होईल.

आदेश झाला आणि पैसे आलेच नाहीत, तर? कलम १४४ खाली दर थकलेल्या महिन्यापाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण थकबाकीचा वसुलीचा अर्ज एक वर्षाच्या आत करावा लागतो. हे वर्ष अनेकींचं नुसतं "देतो, देतो"वर विश्वास ठेवण्यात निघून जातं. नोकरदार नवरा असेल तर हिंसाचार कायद्यात एक छान सोय आहे: कोर्ट थेट त्याच्या कंपनीला पगारातून रक्कम कापायला सांगू शकतं.

वेळेबद्दल खोटं आश्वासन देत नाही. हिंसाचार कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात साठ दिवसांत कधी कधी समन्सच बजावलेलं नसतं. म्हणून मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम आदेशाचा अर्ज टाकायचा. परिस्थिती निकडीची असेल तर समोरचा हजर नसतानाही दंडाधिकारी तो देऊ शकतात.

मधले महिने

मग तोवर काय खायचं? पहिलं स्वतःचं खातं. संयुक्त खातं "दोघांपैकी कुणीही" असं असेल तर तो ते एका दुपारी रिकामं करू शकतो. बँकेला लेखी कळवून दोघांच्या सहीशिवाय व्यवहार नको म्हणा. गृहकर्जात तुम्ही सहकर्जदार असाल तर भांडण तुमच्या दोघांचं, हप्ता मात्र बँक दोघांकडे मागते. पगार, लाडक्या बहिणीचे पैसे, गॅसची सबसिडी कुठल्या खात्यात आणि कुठल्या मोबाईल नंबरवर येते ते तपासा.

दागिने. लग्नात माहेरून, सासरहून, पाहुण्यांकडून तिला मिळालेलं सगळं स्त्रीधन, ते तिचं. "जपून ठेवायला" सासूच्या लॉकरमध्ये दिलं म्हणून सासूचं होत नाही. १९८५ पासून सर्वोच्च न्यायालयाचा कल स्पष्ट आहे की ते परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. यादी करताना लग्नाचा अल्बम काढा. बहिणीच्या पाटल्या आम्ही मेहंदीच्या फोटोवरून मोजल्या.

सरकारी मदत अगदी गरिबीत असलेल्यांनाच उपयोगी आहे, पण तिथे ती फार मोलाची आहे. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित, घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या आणि परित्यक्ता (नवऱ्यानं सोडून दिलेल्या) महिलांना महिना १,५०० रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कोण जगतं, हे त्या मर्यादेला कुणीतरी विचारायला हवं. हे पैसे घेत असाल तर लाडकी बहीणचे मिळत नाहीत. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे: आई किंवा बाप एकटाच सांभाळत असेल तर महिना २,२५० रुपये. ही कमी माहीत आहे, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून बालकल्याण समितीकडे जातो. "परित्यक्ता" हा शब्द सरकारी कागदावर आला तोही सहज नव्हे. गावात अशा बाईला "टाकलेली" म्हणत. १९८० च्या दशकात सांगली भागात इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या बायका तिच्या रेशनकार्डासाठी, घराच्या जागेसाठी भांडल्या.

गोव्यातल्या वाचकांचं गणित निराळं. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरतात आणि निम्मा वाटा बायकोचा. तिच्या सहीशिवाय घर विकताही येत नाही.

आणि माहेर. "आमचं घर तुझंच आहे" हे पहिल्या आठवड्यात खरं असतं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तो ती पाहुणी म्हणून मागत नाही. फक्त मागे कधी, भावाच्या सांगण्यावरून, हक्कसोड पत्रावर सही केली नाही ना, हे आठवून बघा. नोंदवलेलं हक्कसोड पत्र फिरवणं फार अवघड. अजून केलं नसेल, तर या काळात तरी करू नका. राखीला साडी मिळाली तरी.

अकराव्या महिन्यात बहिणीच्या बाजूनं भाड्याचा आदेश झाला. घर शोधताना दलालाचा पहिला प्रश्न, "मिस्टर कुठं असतात?" तिसऱ्या घरमालकिणीनं तो विचारला नाही. दोन पाटल्या गहाण ठेवून अनामत भरली. लिव्ह अँड लायसन्सचा करार तिनं आग्रहानं नोंदवून घेतला. तशी नोंदणी करणं कायद्यानं घरमालकाचीच जबाबदारी आहे, पण "कशाला उगाच खर्च" असं बरेच मालक म्हणतात. तो नोंदवलेला करार म्हणजे तिच्या स्वतःच्या नावाचा पहिला पत्त्याचा पुरावा. त्यावर गॅस झाला, लेकीच्या शाळेत पत्ता बदलला, आधारही बदललं. रेशनकार्ड तेवढं अडलंय. जुन्या कार्डातून नाव कमी झाल्याशिवाय नव्यात चढत नाही, आणि जुनं कार्ड त्या नव्या लॅचच्या आत आहे. तहसीलच्या पुरवठा शाखेत तिचा अर्ज पडून आहे, सोबत कोर्टाच्या आदेशाची प्रत. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत.